स्टिकचा रिमोट चालत नाही? आधी त्याचा कोणता अर्धा बंद पडलाय ते बघा

मामीचा फोन आला, “अरे, त्या स्टिकचा रिमोट मेला. नवीन मागवू का?”

“थांब मामी. आवाजाचं बटण दाबून बघ. आवाज कमी-जास्त होतोय?”

“आवाज होतोय रे. पण ते बाण हलतच नाहीत.”

या उत्तरात अर्धं निदान झालं, कारण स्ट्रीमिंग स्टिकचा (टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला लावून इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणाऱ्या छोट्या कांडीचा) रिमोट दिसायला एक असला तरी आत बहुतेक वेळा दोन रिमोट नांदत असतात. बाण, होम, बॅक, माइक ही बटणं सहसा ब्लूटूथवरून स्टिकशी बोलतात. आवाज आणि टीव्ही चालू-बंद करण्याची बटणं मात्र जुन्या पद्धतीने, इन्फ्रारेड किरणांनी, थेट टीव्हीशी बोलतात. स्टिक टीव्हीच्या पाठीमागे दडलेली असूनही रिमोट चालतो तो ब्लूटूथमुळे, आणि टीव्हीसमोर कोणी उभं राहिलं की फक्त आवाज बदलायचा थांबतो तो इन्फ्रारेडमुळे. म्हणून सेल काढ-घाल करण्याआधी हे तपासा: बाण चालतात का, आणि आवाज चालतो का? दोन्ही बंद असतील तर संशय सेलवर. फक्त बाण बंद असतील तर रिमोट आणि स्टिकची जोडणी (पेअरिंग) तुटलीय. फक्त आवाज बंद असेल तर किरण अडतोय किंवा टीव्हीची सेटिंग बिघडलीय.

नवीन रिमोट जोडताना

सेलच्या जागी प्लॅस्टिकची पातळ पट्टी असेल तर ती ओढून काढा. दोन छोटे पेन्सिल सेल लागत असतील तर दोन्ही एकाच वेळी नवे घाला. एक नवा आणि एक जुना असं कधीही नको, कमजोर सेल चांगल्यालाही खाली ओढतो. चार्ज करण्याचे सेल चालतात, पण त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो, त्यामुळे काही रिमोट ते भरलेले असतानाही ‘बॅटरी कमी’ असं दाखवतात.

स्टिकला वीज तिच्यासोबत आलेल्या अडॅप्टरनेच द्या. टीव्हीच्या यूएसबी पोर्टमध्ये वायर खोचण्याचा मोह सगळ्यांना होतो, दिसायला नीटनेटकंही वाटतं. पण जुन्या टीव्हीचा साधा यूएसबी पोर्ट अर्धा अँपिअरच देतो. तेवढ्यावर स्टिक धापा टाकते, मध्येच स्वतःहून बंद-चालू होते आणि आपण दोष देतो रिमोटला. निम्म्या ‘रिमोट चालत नाही’ तक्रारींचं मूळ इथेच असतं असं माझं मत झालंय.

मग टीव्हीवर योग्य एचडीएमआय इनपुट निवडा आणि पडद्यावर स्टिकचं चित्र आलं की जोडणी करा. नवा रिमोट बऱ्याचदा आपोआप जोडला जातो. नाही जोडला गेला तर पुढची युक्ती उपकरणागणिक वेगळी:

फायर टीव्हीचा रिमोट असेल तर होमचं बटण साधारण १० सेकंद दाबून धरा. रिमोटवरचा छोटा दिवा लुकलुकायला लागला की सोडा. क्रोमकास्ट विथ गूगल टीव्हीला बॅक आणि होम ही दोन्ही बटणं एकत्र, दिवा लुकलुकेपर्यंत. ॲपल टीव्ही म्हणजे स्टिक नसून छोटा डबा; त्याचा रिमोट डब्याच्या अगदी जवळ, ८-१० सेंटीमीटरवर न्या आणि बॅक किंवा मेनू (जे असेल ते) व आवाज वाढवण्याचं बटण काही सेकंद एकत्र धरा. रोकूच्या रिमोटमध्ये सेलचं झाकण उघडल्यावर आत एक बारीक बटण दिसलं तर ते ३ सेकंद दाबा. ते बटणच नसेल तर तो साधा इन्फ्रारेड रिमोट असू शकतो. त्याला जोडणी लागत नाही, पण डब्याकडे नेम धरावा लागतो.

शेवटी टीव्हीची ओळख करून द्यायची. स्टिक विचारते, तुमचा टीव्ही कोणत्या कंपनीचा? मग ‘आवाज वाढवून बघा, वाढला का?’ असं विचारते. इथे घाईने ‘हो’ म्हणू नका. खरंच वाढला तरच हो म्हणा, नाहीतर ‘नाही’ म्हणून पुढचा संकेत आजमावू द्या. दोन-तीन प्रयत्नांत जुळतं.

बाण चालत नसतील तर

मामीकडे हेच झालं होतं. सेल नवे, दिवा लागतोय, आवाज बदलतोय, बाण मात्र ढिम्म. तेवढ्यात आतल्या खोलीतून मामा ओरडले, “माझ्या टीव्हीवर कोण काय चाळतंय?” नातवाने खेळता खेळता होमचं बटण दाबून धरलं होतं आणि हॉलमधला रिमोट आतल्या खोलीतल्या स्टिकशी जोडला गेला होता. मामी हॉलमध्ये बसून आतला टीव्ही चालवत होती. घरात दोन स्टिक असतील तर जोडणी करताना दुसरीची वीज काढून ठेवा, एवढाच यावरचा उपाय.

इतर वेळी आधी स्टिकची वीज काढा, मिनिटभर थांबा, परत लावा. पडद्यावर मुख्य पान पूर्ण उघडेपर्यंत बटणांना हात लावू नका, नंतर वरची जोडणीची युक्ती करा. फायर टीव्हीच्या अलेक्सा रिमोटच्या बऱ्याच मॉडेलांत रिमोटही पूर्ण रिसेट करता येतो. स्टिकची वीज काढून मिनिटभराने डावा बाण, मेनू आणि बॅक ही तीन बटणं एकत्र १२ सेकंद धरा. सोडल्यावर पाच सेकंदांनी सेल काढा. स्टिक चालू करा, मुख्य पान येऊ द्या, मग सेल घालून होम दाबा.

जोडणी होते पण पुन्हा पुन्हा तुटते, बटण दाबल्यावर क्षणभराने हलतं, असं असेल तर स्टिकची जागा बघा. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. बरेचसे वाय-फाय राउटर आणि मायक्रोवेव्हही तिथेच गर्दी करतात, आणि यूएसबी ३ ची हार्ड डिस्क शेजारी असेल तर तीही त्याच पट्ट्यात गोंगाट करते. त्यात टीव्हीचं धातूचं अंग मध्ये येतं. स्टिकसोबत बोटभर लांबीची एचडीएमआयची जोडवायर मिळते, ती बहुतेकांच्या खोक्यातच पडून राहते. ती लावून स्टिक टीव्हीच्या कडेला आणा, शक्य असेल तर राउटरला ५ गिगाहर्ट्झवर न्या. फरक लगेच कळतो.

फक्त आवाज चालत नसेल तर

मोबाइलचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं टोक त्याच्याकडे धरा आणि आवाजाचं बटण दाबा. डोळ्याला न दिसणारा किरण पडद्यावर फिकट जांभळ्या ठिपक्यासारखा लुकलुकताना दिसेल. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यावर इन्फ्रारेड अडवणारी काच असते, तेव्हा सेल्फीचा कॅमेरा वापरा. ठिपका दिसला तर रिमोट ठणठणीत आहे. टीव्हीसमोरचा साउंडबार, फोटोफ्रेम किंवा शोभेची वस्तू किरण अडवत नाही ना ते पाहा. नवा साउंडबार आणला आणि आवाज बदलेनासा झाला, तर रिमोट अजून टीव्हीच्याच आवाजाला हात घालतोय. सेटिंगमध्ये जाऊन त्याला साउंडबार दाखवून द्या. फायर टीव्हीवर हे ‘इक्विपमेंट कंट्रोल’मध्ये सापडतं.

दोन्ही बंद

नवे सेल घालूनही हालचाल नाही? झाकण काढून स्प्रिंगकडे नीट बघा. पांढरट, मिठासारखी पूड जमली असेल तर सेल गळलाय. ही पूड अल्कधर्मी असते, म्हणून कानात घालायच्या कापसाच्या काडीवर व्हिनेगरचा एखादा थेंब घेऊन ती पुसायची, मग कोरड्या काडीने, आणि पूर्ण वाळल्याशिवाय सेल घालायचे नाहीत. हात धुवा. स्प्रिंग दबून बसली असेल तर टाचणीने हलकेच वर उचला. माझ्या रिमोटचा आजार एकदा इतकाच निघाला होता.

उलट प्रकार म्हणजे पडद्यावरची यादी आपोआप धावत सुटणं. तेव्हा एखादं बटण आत रुतून बसलेलं असतं. सेल काढा, प्रत्येक बटण दहा-बारा वेळा दाबा, फटीतला चिवडा किंवा साय निघते का बघा.

रिमोट हरवलाच असेल तर

टीव्हीचाच रिमोट स्टिक चालवू शकतो. त्यासाठी टीव्हीच्या सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी (टीव्हीच्या रिमोटची आज्ञा एचडीएमआयवरून स्टिकपर्यंत पोचवणारी सोय) चालू हवं. पण कंपन्या हे नाव सरळ लिहीत नाहीत: सॅमसंगमध्ये ते ‘एनीनेट प्लस’, एलजीत ‘सिम्पलिंक’, सोनीत ‘ब्राव्हिया सिंक’. हे आज, रिमोट हातात असतानाच चालू करून ठेवा.

दुसरा मार्ग मोबाइलवरच्या ॲपचा. फायर टीव्ही, गूगल टीव्ही, रोकू या सगळ्यांची ॲप रिमोटचं काम करतात, अट एवढीच की फोन आणि स्टिक एकाच वाय-फायवर हवेत. पाहुण्यांसाठीचं वेगळं वाय-फाय असेल तर ते चालत नाही.

आणि राउटर बदललाय, स्टिकला नवं वाय-फाय माहीत नाही, रिमोटही नाही, अशी कोंडी झाली तर? एका फोनवर हॉटस्पॉट सुरू करा आणि त्याला जुन्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड जसाच्या तसा द्या, इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांसकट. स्टिकला वाटतं आपलं जुनंच घर आलं, ती आपणहून जोडली जाते. दुसऱ्या फोनला त्याच हॉटस्पॉटवर आणून त्यावर ॲप उघडा आणि स्टिकच्या सेटिंगमधून खरं वाय-फाय निवडा. तिने ते पकडलं की हॉटस्पॉट बंद करा.