हँडब्रेक सैल पडला की आधी मागची चाकं उघडा

श्रावणात आईला घेऊन अंजनेरीला गेलो होतो. पायथ्याच्या उतारावर गाडी लावली, हँडब्रेक ओढला आणि गिअरमध्ये टाकायची राहून गेली. आईचा एक पाय खाली, एक आत. तेवढ्यात गाडी हातभर मागे सरकली. मागच्या चाकाला दगड लागला म्हणून थांबली. आई काही बोलली नाही, पण दाराची कडी तिने किती घट्ट धरली होती ते मी पाहिलं. घरी आल्यावर चावी खिळ्याला अडकवली आणि ठरवलं, हँडब्रेक नीट होईपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही.

गाडी १९६६ची फोक्सवॅगन बीटल. त्याआधी दोनच महिने एका गॅरेजमध्ये ‘केबल ताणली आहे’ म्हणून लिव्हरपाशी नट आवळून दिले होते. चार दिवस हँडब्रेक कडक लागला आणि मग पुन्हा येरे माझ्या मागल्या. जुन्या गाडीवाल्यांकडून ही तक्रार इतक्यांदा ऐकलीय की जे केलं ते सगळं लिहून ठेवतो.

माझे सासरे दिंडोरीकडे द्राक्षबाग करतात. त्यांच्याशी बोलताना केबलचा विषय निघाला. ते म्हणाले, “जावईबापू, तार अशी वाढत नसते. मांडव सैल पडला की आम्ही कडेचा अँगल बघतो. अँगल जागेवर असंल तर समजायचं, तार मरायला लागली.” सातपूरला टूलरूममध्ये २८ वर्षं काढली, पण हे इतक्या थोडक्यात मला सांगता आलं नसतं. नवी केबल पहिल्या काही दिवसांत थोडी बसते, पीळ घट्ट होतो, तेवढीच तिची वाढ. पुढे जी ढिलाई येते ती बहुतेक वेळा लायनर झिजल्याने येते. (चाकाबरोबर फिरतो तो ड्रम, त्याला आतून दाबतात ते ब्रेकचे शू आणि शूवरचं अस्तर म्हणजे लायनर.) आणि केबल खरोखरच लांबत असेल तर आत तारा तुटताहेत असं धरा. तिला आवळू नका, बदला.

कामाला सपाट जागा हवी. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ओंडके लावा. ड्रम उतरवायचा असेल तर मागच्या चाकाच्या मधला ३६ मिलिमीटरचा मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा. नट फिरू नये म्हणून त्यात अडकवलेली स्प्लिट पिन काढा, सॉकेटच्या दांड्याला लांब पाइप लावा. हा नट साधारण ३० किलोग्रॅम-मीटर (kgf·m) टॉर्कने आवळलेला असतो. जॅकवरच्या गाडीला एवढा जोर लावलात तर गाडी जॅकवरून घसरेल. नट सुटला की मगच गाडी उचला, खाली घोड्या (जॅक स्टँड) द्या, गिअर न्यूट्रल करा, हँडब्रेक पूर्ण सोडा. नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, दोन मिनिटांचं काम असलं तरी.

आता आत बसा. बीटलचा हँडब्रेक दोन सीटांच्या मध्ये असतो. त्याचं रबरी बूट वर सरकवलं की केबलींची दोन आटेदार टोकं दिसतात, डाव्या चाकाची एक आणि उजव्या चाकाची एक. प्रत्येकावर ॲडजस्टिंगचा नट आणि वर त्याला जागेवर धरणारा चेकनट. आधी हे नट सैल करा. माझ्या गॅरेजवाल्याने नेमकं उलटं केलं होतं. केबल आवळून ठेवली की ड्रममधले शू जागेवर परत बसत नाहीत, आतला लिव्हर आधीच अर्धा ओढलेला राहतो. लायनर ड्रमला घासत राहतात, ड्रम तापतो, आणि वेळेला ओढ मात्र उरत नाही.

केबल सैल झाली की शू सेट करायचे. ड्रमच्या तोंडावर किंवा मागच्या पत्र्यावर, म्हणजे बॅकप्लेटवर (गाडीच्या सालाप्रमाणे जागा बदलते) भोक असतं. बॅटरी मारली की दातेरी चकती दिसते. एका चाकाला अशा दोन, आणि त्या एकमेकींच्या उलट दिशेला फिरतात. लांब स्क्रूड्रायव्हरने एकेक दाता पुढे ढकला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवत राहा. शू घासू लागला की ब्रेकचं पेडल एकदा जोरात दाबा म्हणजे शू मध्यावर येतात. पुन्हा बघा. चाक अडायला लागलं की तीन-चार दाते मागे. ही कामं घाईने होत नाहीत. पहिल्या चाकाला मला पाऊण तास लागला, दुसऱ्याला वीस मिनिटं.

पुष्कळ गाड्यांचं दुखणं इथेच बरं होतं. माझ्या गाडीचं झालं नाही, कारण उजव्या चाकाचा शू कितीही पुढे आणला तरी पकड येईना. ड्रम उतरवला तर लायनर काळा, ओला, बोटाला गिअर ऑइलचा वास. ॲक्सलचं सील गेलं होतं. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन पुन्हा लावणारे लोक आहेत. त्यांनी तो पुसून उन्हात ठेवावा आणि संध्याकाळी बघावा, तेल पुन्हा वर आलेलं असतं. सील बदला आणि दोन्ही चाकांचे लायनर एकदमच नवे घाला. जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. पाणी मारून ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

मग डावी केबल तपासली. त्याची माझी पद्धत अशी: जुनं सुती बनियन घ्यायचं आणि केबलीवरून हलक्या हाताने एकाच दिशेने ओढायचं. बोटाने करू नका, तुटलेली तार सुईसारखी शिरते. बॅकप्लेटच्या अलीकडे, जिथे तार आवरणात शिरते, तिथे बनियनचा धागा अडकला. भिंग लावलं तर तीन तारा तुटून बाहेर वळलेल्या, टोकं गंजून तपकिरी. त्र्यंबक-इगतपुरीकडचा पाऊस अंगावर घेणाऱ्या गाडीच्या आवरणात पाणी शिरतं आणि तिथेच मुरतं. वरून केबल चकचकीत दिसत होती.

नवी केबल मिळणं अवघड नाही. बीटल मेक्सिकोत २००३पर्यंत बनत होती, २ कोटी १५ लाखांहून जास्त गाड्या झाल्या, त्यामुळे पार्ट अजून तयार होतात. मात्र सालाप्रमाणे केबलीची लांबी वेगळी असते. जुनी काढून, सरळ ताणून मोजा आणि मगच मागवा. घालायच्या तर दोन्ही घाला. एक जुनी, एक नवी ठेवलीत तर एक चाक आधी धरेल.

लिव्हरपाशी नट काढले की पुढचं टोक मोकळं होतं. मागे ड्रम उतरवून आतल्या लिव्हरच्या आकड्यातून टोक सोडवा, बॅकप्लेटवरची पकड काढा आणि केबल मागून ओढून घ्या. नवी घालताना तारेला भरपूर ग्रीस चोपडा आणि मागूनच पुढे सारा. टनेलमधल्या (गाडीच्या तळाच्या मधल्या उंचवट्यातल्या) नळीत ती कुठे अडली तर ढोसू नका, थोडी फिरवून पुन्हा द्या. हँडब्रेकचा दांडाच बाहेर काढावा लागला तर त्याचं बटण चुकूनही दाबू नका. आतली दातेरी पट्टी निसटते आणि परत बसवताना घाम फुटतो.

शेवटी नट आवळायचे. आटेदार टोकाच्या माथ्यावर स्क्रूड्रायव्हरसाठी खाच असते. एका हाताने खाचेत स्क्रूड्रायव्हर धरून ठेवायचा आणि दुसऱ्याने १०च्या पान्ह्याने नट फिरवायचा. हे केलं नाही तर नटाबरोबर केबलही फिरते, तिला पीळ बसतो आणि नवी केबल महिन्याभरात तुटायला लागते. मुलीला आत बसवलं. “पप्पा, किती टिकटिक?” “दोन.” दांडा ओढताना दात्याचा एक आवाज म्हणजे एक टिक. दोन टिकला दोन्ही चाकं सारख्याच जोराने फिरली पाहिजेत. एक जड लागलं तर त्याचा नट अर्धा फेरा सोडा. चार टिकला दोन्ही चाकं हाताने हलता कामा नयेत. दांडा पूर्ण सोडला की दोन्ही मोकळी फिरली पाहिजेत. तिन्ही जमलं की चेकनट आवळा, बूट खाली करा. गाडी जमिनीवर घेतली की ३६चा नट पूर्ण टॉर्कने आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट मागे घेऊ नका, पुढेच आवळून जुळवा. पिन नवीच घाला.

१०० किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा बघा, नवी केबल तोवर बसलेली असते. माझी अर्धा फेरा आवळावी लागली. मग पुन्हा अंजनेरीला गेलो, त्याच उतारावर लावली. चार टिक ओढले, चाकाला दगड दिला, खाली उतरून गाडीला खांदा लावून पाहिला. मग पलीकडे जाऊन आईचं दार उघडलं.