सोलरला रान भाड्याने देताना: उपकेंद्र, सातबारा आणि करारातली कलमं

बरड किंवा मुरमाड जमीन आणि जवळ महावितरणचं 33/11 केव्हीचं उपकेंद्र, अशी जोडी जिथे आहे तिथे सोलर कंपनीचा माणूस आज ना उद्या बांधावर येतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मधून शेतीचे फीडर (शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिन्या) दिवसा सौर विजेवर चालवायचे आहेत, आणि त्यासाठी उपकेंद्राच्या आसपासच जागा लागते. या योजनेतला पहिला प्रकल्प, 3 मेगावॅटचा, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावला 2024 मध्ये सुरू झाला. हलक्या रानासाठी हा सौदा चांगला आहे. ओलिताची काळी जमीन मात्र यात घालू नये. शिवाय काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे पॅनेलच्या खांबांचा पायाही तिथे महाग पडतो.

आधी उपकेंद्र बघा. योजनेत खाजगी जमीन उपकेंद्रापासून 5 किलोमीटरच्या आत लागते. प्रत्यक्षात जितकी जवळ तितकी बरी, कारण 11 केव्हीची लाइन दुसऱ्यांच्या शेतातून न्यावी लागते आणि एका शेतकऱ्याने खांब अडवला की सगळं काम थांबतं. त्या उपकेंद्रावर किती मेगावॅट जोडायला वाव उरला आहे, हे महावितरणच्या उपविभागीय कार्यालयात विचारा. वाव संपला असेल तर जमीन कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. 1 मेगावॅटला साधारण 4 ते 5 एकर लागतात, तेही सलग. मधून नाला, वहिवाटीची पाणंद किंवा उच्चदाबाची लाइन जात असेल तर तेवढं क्षेत्र वजा धरा.

दर कसा काढायचा? योजनेत दरवर्षी हेक्टरी 1,25,000 रुपये किंवा जमिनीच्या रेडी रेकनर (सरकारने ठरवलेल्या) किमतीच्या 6 टक्के, यांत जे जास्त असेल ते. म्हणजे रेडी रेकनरचा दर हेक्टरी 20 लाख 83 हजारांच्या वर गेला की 6 टक्क्यांचा हिशेब तुमच्या फायद्याचा. शहराला किंवा महामार्गाला लागून असलेल्या गटांत हे होऊ शकतं, म्हणून नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या गावाचा दर स्वतः बघा. दरवर्षीची 3 टक्के वाढ सरळ पद्धतीने, पहिल्या वर्षाच्या दरावर मिळते. म्हणजे वर्षाला 3,750 रुपये, आणि 25 व्या वर्षी हेक्टरी 2,15,000. चक्रवाढ धरली असती तर तोच आकडा 2,54,000 च्या आसपास गेला असता. एजंट तोंडी चक्रवाढीचा आकडा सांगत असेल तर तो दस्तात आहे का ते तपासा. कंपनी थेट तुमच्याशी बोलत असेल तर चक्रवाढ जरूर मागा.

अडतं ते बहुतेक सातबाऱ्यावर. इतर हक्कात पीककर्जाचा बोजा असेल तर बँकेची ना-हरकत लागते. वडील वारले आणि वारस नोंद झाली नाही, किंवा बहिणींची नावं लागलेली नाहीत, तर दस्ताच्या दिवशी सगळे वारस सहीला लागतील. आधी फेरफार करून घ्या. भोगवटादार वर्ग 2 (हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. मराठवाडा निजाम राज्यातून आलेला असल्याने इथे आणखी एक गाठ असते: 1950 चा हैदराबाद कूळ कायदा आणि इनामं. कूळ कायद्याचा शेरा, देवस्थान इनाम किंवा खिदमतमाश (धार्मिक सेवेसाठी दिलेलं इनाम) अशी नोंद दिसली तर 1954-55 चं खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद) आणि जुने फेरफार काढून वकिलाला दाखवा, मगच कंपनीशी बोला. पैसे घेतल्यावर हे निघालं तर परत फेडायची वेळ तुमच्यावर येते.

मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडूनच करून घ्या, कंपनीच्या सर्व्हेअरच्या नकाशावर जाऊ नका. समजा सातबारा 2 हेक्टर 40 आर आहे आणि त्यात 20 आर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारा भाग. कंपनी भाडं 2 हेक्टर 20 आरचं लावते, कुंपण मात्र सगळ्याला घालते. फरक पहिल्याच वर्षी 25,000 रुपयांचा. म्हणून ‘कुंपणाच्या आतील एकूण क्षेत्रावर भाडे’ एवढे शब्द करारात हवेतच. विहीर, गोठा आणि त्यांची वाट भाडेपट्ट्याबाहेर ठेवा.

आता कलमं. कंपन्या आधी साध्या स्टॅम्पपेपरवर करार करून जमीन अडकवतात आणि वीज खरेदी करार होईपर्यंत थांबतात. तोवर तुमचा खरीप जातो. अशा प्राथमिक कराराला मुदत घाला, सहा महिन्यांच्या वर नको, आणि तेवढ्या काळाचं पैशातलं मोल आधी घ्या. भाडं दस्त नोंदणीच्या तारखेपासून सुरू झालं पाहिजे, ‘प्रकल्प सुरू झाल्यापासून’ नव्हे. एक वर्षाच्या वरचा पट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. मुद्रांक शुल्क कंपनी भरेल असं लिहून घ्या. मुदतवाढीचं कलम धरून पट्टा 29 वर्षांच्या वर गेला की शुल्क बरंच वाढतं.

कंपनी प्रकल्पासाठी कर्ज काढते, त्यात गैर काही नाही. पण तारण फक्त यंत्रसामग्री आणि भाडेपट्ट्याचा हक्क यांचं असावं, तुमच्या मालकीचं नव्हे. हे वाक्य जसंच्या तसं घाला. प्रकल्प दुसऱ्या कंपनीला विकला तर नवी कंपनी याच अटींनी बांधील राहील आणि तुम्हाला लेखी कळवेल, हेही लिहून घ्या. भाडं ठरावीक मुदतीत आलं नाही तर व्याज, आणि त्यानंतर करार रद्द करण्याचा हक्क तुम्हालाही. बहुतेक मसुद्यांत तो फक्त कंपनीला असतो.

पाण्याचंही आधीच ठरवा. 550 वॅटचे पॅनेल धरले तर 1 मेगावॅटला सुमारे 1,800 पॅनेल होतात. पॅनेलमागे 2 लिटर धरलं तरी एका धुण्याला साडेतीन हजार लिटर पाणी जातं. तुमच्या बोअरचं पाणी कंपनीने गृहीत धरलेलं असेल तर एप्रिल-मेमध्ये भांडण ठरलेलं.

भाड्याचं उत्पन्न शेतीचं धरलं जात नाही, त्यावर आयकर लागतो. त्या क्षेत्रावर पीककर्ज आणि पीकविमाही मिळत नाही. ग्रामपंचायतीला योजनेतून वर्षाला 5 लाख असं तीन वर्षं अनुदान मिळतं. ते तुमच्या भाड्यातून कापलं जात नाही, कोणी तसं सांगितलं तर मानू नका.

शेवटचं कलम मुदत संपल्यानंतरचं: खांब, काँक्रीट, केबल काढून जमीन पूर्ववत करायची, तीही ठरलेल्या महिन्यांत, आणि त्यासाठी बँक हमी. सौर पॅनेल आता ई-कचरा नियम 2022 खाली येतात, त्यामुळे फुटके पॅनेल शेतात पुरून ठेवायला हरकत घ्या.