श्टुटगार्टात नव्याने येणाऱ्यांसाठी: मांस विचारू नका, अळणी विचारा

श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून जोडशहरं आहेत, पण त्याचा जेवणाच्या टेबलावर कुणाला उपयोग झालेला दिसत नाही. आपली मंडळी येतात, पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये फसतात आणि मग ‘यांच्या जेवणात काही दम नाही’ असं ठरवून पुढची पाच वर्षं पिझ्झा आणि डब्यावर काढतात. श्वाबेन, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासचा दक्षिण जर्मनीतला प्रांत, तिथलं जेवण साधं आहे, बेचव नाही. फसगत चवीत नसते, पाण्यात असते.

कोल्हापूरकरांना ‘अळणी’ म्हटलं की लगेच कळेल. मटण शिजवून काढलेलं बिनमसाल्याचं पाणी. इथे त्याला फ्लाइशब्र्यूऽ म्हणतात, बहुतेक वेळा ते बैलाच्या हाडामांसाचं असतं, आणि श्वाबी स्वयंपाकात आपण जिथे साधं पाणी घालू तिथे ते पडतं. ‘यात मांस आहे का?’ असं विचारलंत तर वेटर प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. त्याच्या लेखी मांस म्हणजे तुकडा. म्हणून प्रश्न असा विचारा: ‘इस्ट दा फ्लाइशब्र्यूऽ ड्रिन?’ आणि लगोलग, ‘ओडर श्पेक? ओडर श्माल्त्स?’ श्पेक म्हणजे खारवलेली, धुरावलेली डुकराची चरबी, श्माल्त्स म्हणजे डुकराचं तूप. हे तीन शब्द घराची किल्ली घेण्याआधी पाठ करा.

फ्लेडलंझुपं हा पहिला सापळा. वाटीत पातळ पिवळं सूप, त्यात धिरड्याच्या बारीक पट्ट्या, वर हिरवी पात. दिसायला सात्त्विक. ते सूप म्हणजे निव्वळ अळणी. दुसरा सापळा बटाट्याच्या सॅलडचा. उत्तर जर्मनीत त्यात मेयोनेज घालतात, इथे गरम फ्लाइशब्र्यूऽ घालतात, आणि बटाटा ती पूर्ण पिऊन टाकतो, मग दिसणार काय? तिसरा, मसूर आणि श्पेट्सलं, म्हणजे अंडं घातलेल्या पिठाच्या जाड, आखूड शेवया. सोबत जाइटन नावाचे लांब सॉसेज येतात. ‘सॉसेज नको’ सांगून खूश होणारे पुष्कळ बघितले. मसूर श्पेकबरोबरच शिजलेली असते, सॉसेज काढून काय होणार? लाल कोबीच्या भाजीत श्माल्त्स असू शकतं. ब्रेत्सल, म्हणजे गाठीसारखा वळलेला खारा पाव, त्याच्या पिठात परंपरेने श्माल्त्स पडायचं. आज अनेक बेकऱ्या लोणी किंवा वनस्पती तेल वापरतात, पण सगळ्या नाही. काउंटरवर विचारा.

माउलटाशन ही इथली सर्वांत प्रसिद्ध वस्तू, २००९ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन असलेली. मैद्याच्या लाटीत मांस, पालक, पाव आणि कांद्याचं सारण. उपासाच्या काळात माउलब्रोनच्या मठातल्या साधूंनी देवापासून मांस लपवायला ती शोधली, अशी दंतकथा आहे. भाज्यांची माउलटाशन सुपरमार्केटात सहज मिळतात. हॉटेलातही मिळतात, आणि तिथेच खरी गंमत: सारण शाकाहारी, पण वाढतात कधी कधी त्याच बैलाच्या सुपात. म्हणून ‘इन डेअर ब्र्यूऽ’ नको म्हणा, ‘गेश्मेल्त्स्ट’ मागा, म्हणजे वर लोण्यात परतलेला कांदा येईल.

मेनूकार्डावर पदार्थापुढे बारीक अक्षरं आणि आकडे असतात, त्यावर विसंबू नका. ती चौदा ॲलर्जीकारक घटकांची आणि रंग-संरक्षकांची यादी असते, मांस त्यात नाही. सुपात सेलरी आहे हे कळेल, बैल आहे हे कळणार नाही. कार्डावर स्वच्छ ‘फेगेटारिश’, म्हणजे शाकाहारी, छापलेलं असेल तर सहसा खात्री धरावी. अंडं मात्र त्यात चालतं. अंडं न खाणाऱ्यांनी श्पेट्सलं विसरावं.

गोमांस न खाणाऱ्या मांसाहारींसाठी तीन ओळी. त्स्वीबलरोस्टब्राटन, म्हणजे वर कांदा घातलेला भाजलेला मांसाचा तुकडा, हा बैलाचाच. ‘गेमिश्ट’ खिमा म्हणजे बैल आणि डुक्कर एकत्र. लेबरकेझ या नावात केझ, म्हणजे चीज आहे, पदार्थात नाही. तो मांसाचा भाजलेला लगदा असतो, आणि दर वर्षी कुणीतरी तो ‘चीज सँडविच’ म्हणून घेतो.

घरी करायला बटाट्याचं सॅलड शिकून घ्या, ऑफिसच्या पार्टीत तुमचं नाव होईल. एक किलो ‘फेस्टकोखंड’ बटाटे, म्हणजे न फुटणारे, बहुधा हिरव्या लेबलचे. सालासकट उकडा, गरम असतानाच सोलून पातळ चकत्या करा. एक बारीक चिरलेला कांदा, पाव लिटर उकळतं गेम्यूझंब्र्यूऽ (भाज्यांचं, डब्यातल्या पावडरीचं चालेल), तीन-चार चमचे व्हिनेगर, चमचाभर मोहरीची पेस्ट, मीठ, मिरी. अर्धा तास मुरू द्या. तेल सगळ्यात शेवटी, पाच-सहा चमचे. आधी तेल घातलं तर चकत्यांवर त्याचा थर बसतो, सूप आत शिरत नाही आणि सॅलड कोरडं राहतं. बटाटा गार झाल्यावर सूप घातलं तरी तेच. बटाटेवड्याला मात्र ‘मेलिषकोखंड’ घ्या, बहुधा निळं लेबल. फेस्टकोखंडचं सारण चिकट होतं आणि मग लोक बेसनाला दोष देतात.

श्पेट्सलं चार माणसांना: अर्धा किलो पीठ, पाच अंडी, दीड चमचा मीठ, दीडशे ते दोनशे मिलिलिटर पाणी. लाकडी चमच्याने बुडबुडे येईपर्यंत फेटा, वीस मिनिटं ठेवा. चमचा उचलल्यावर पीठ ओढून तुटलं पाहिजे, ओघळता कामा नये. सैल झालं तर पाण्यात लगदा होतो, घट्ट झालं तर श्पेट्सलं पाडायच्या भोकांच्या प्रेसमधून उतरत नाही. खळखळत्या खारट पाण्यात थोडे थोडे पाडा, वर तरंगले की अर्ध्या मिनिटात झाऱ्याने काढा. आपल्या सोऱ्याने पाडायचा मोह होतो. पीठ दट्ट्याच्या कडेने वर येतं, नको तो उद्योग. आणि प्रेस लगेच गार पाण्यात टाका. गरम पाण्याने अंडं-पीठ भोकांत शिजून बसतं.

मसूर घ्यायची तर ‘आल्ब-लाइझा’ घ्या. श्वाबियन आल्ब डोंगरपठारावरची ही जुनी वाणं इथून नाहीशी झाली होती. २००६ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव्ह संस्थेच्या बियाणे-संग्रहात ती सापडली आणि पुन्हा पेरली गेली. महाग आहे, पण शिजून पीठ होत नाही, आणि अख्ख्या मसुरीच्या उसळीला हिच्यासारखी दुसरी नाही. कोबीही तसाच: विमानतळाच्या आसपासच्या फिल्डर पठारावरचा टोकदार फिल्डरश्पिट्सक्राउट. पानं मऊ, भाजी पटकन होते.

पिठाच्या पाकिटावरचा आकडा म्हणजे शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेचे मिलिग्रॅम. ४०५ म्हणजे मैदा. पोळ्यांना गव्हाचं १०५० दोन भाग आणि ‘फोलकॉर्न’, म्हणजे कोंड्यासकट दळलेलं पीठ, एक भाग, कोमट पाण्यात मळून अर्धा तास झाकून. नुसत्या फोलकॉर्नचा कोंडा जाड असतो, पोळी फाटते. डिंकल हे इथलं जुनं धान्य गव्हाचंच भावंड आहे. ग्लूटेन चालत नसलेल्यांनी त्याला हात लावू नये, दुकानदार काहीही म्हणो.

श्रीखंडाला ४० टक्क्यांचा क्वार्क, म्हणजे इथला चक्क्यासारखा दुधाचा पदार्थ. हे टक्के कोरड्या भागातले असतात, प्रत्यक्षात स्निग्धांश दहा-अकराच. अर्धा किलो पंचात बांधून फ्रिजमध्ये तीन-चार तास टांगा, मग दोनशे ग्रॅम पिठीसाखर. न टांगता साखर घातली की पाणी सुटतं. ‘मागर’, म्हणजे बिनसायीचा क्वार्क स्वस्त पडतो, पण खडूसारखा लागतो. तुपाला ‘झाउअररामबुटर’, म्हणजे विरजलेल्या सायीचं लोणी: २५० ग्रॅममधून साधारण २०० ग्रॅम कढतं आणि वास घरच्यासारखा येतो.

त्यामुळे भारतातून तूप, पेढे, बर्फी आणू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणायला बंदी आहे. कढीपत्ता आणि आंबे यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ‘मी तर दर वेळी आणतो’ म्हणणाऱ्या दादांचा सल्ला त्यांच्याचजवळ राहू द्या.

रविवारी दुकानं बंद. बेकऱ्या सकाळी काही तास उघड्या असतात.

आता ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो ते. मार्च-एप्रिलमध्ये जंगलात बेअरलाउख उगवतो, लसणाच्या वासाची रुंद पानं. चटणी, पराठे, थालीपीठ, सगळ्यात सुरेख. आपली मंडळी पिशव्या घेऊन निघतात. त्याच सावलीत मायग्लॉकशन (लिली ऑफ द व्हॅली) आणि हेर्ब्स्टत्साइटलोझं (ऑटम क्रोकस) उगवतात, दोन्ही विषारी. दुसऱ्यात कोल्चिसिन असतं, ते शिजवूनही जात नाही आणि जीव घेतं. वासावर जाऊ नका: पाच पानं खुडली की बोटांनाच लसूण येतो, सहावं पान कुठलंही असलं तरी वास तोच. देठ बघा. बेअरलाउखचं प्रत्येक पान आपल्या स्वतंत्र बारीक देठावर जमिनीतून येतं. मायग्लॉकशनची दोन-तीन पानं एकाच देठावर येतात. हेर्ब्स्टत्साइटलोझंची पानं बिनदेठाची, गाभ्यातून झुपक्याने. मूठभर एकदम उपटायचं नाही, एकेक पान खुडायचं. कायद्यानेही घरापुरती जुडीच चालते, आणि संरक्षित क्षेत्रात तीही नाही. शंका आली तर बाजारात जुडी मिळते.

शरदात बेझनविर्टशाफ्ट शोधा. द्राक्षबागवाला आपल्या घरीच वर्षातून जास्तीत जास्त चार महिने, चाळीस खुर्च्यांपर्यंत, स्वतःची वाइन विकतो. उघडं असलं की दारावर खराटा टांगतो. शाकाहारींना तिथे चीज-पाव नाहीतर केझश्पेट्सलं. कांद्याच्या केकमध्ये श्पेक असतो, विचारल्याशिवाय घेऊ नका. नवी, अजून फसफसणारी वाइन घरी नेणार असाल तर बाटलीचं झाकण मुद्दाम सैल असतं. लॅपटॉपच्या पिशवीत आडवी ठेवू नका, हातात उभी धरून न्या.