महिनाभरात कादंबरी: नोकरी आणि घर सांभाळून

तीस दिवसांत ५०,००० शब्द म्हणजे रोज १,६६७. हा सरळ भागाकार मुंबईत टिकत नाही. मेगाब्लॉक, पाहुणे, मुलांचा ताप, एखादा सण यांत चार-पाच दिवस हमखास जातात. म्हणून पाच दिवस आधीच कोरे धरा आणि उरलेल्या पंचवीस दिवसांत रोज २,००० लिहा.

एका बैठकीत ते क्वचितच होतात. ९०० पहाटे, डब्यांची गडबड सुरू होण्याआधी, ४०० लोकलमध्ये, बाकीचे रात्री जेवणं आटोपल्यावर. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तरच फोनवर टाइप करा. उभ्याने, त्यातही दाराजवळ, फोन काढूच नका. तेव्हा पुढच्या प्रसंगातला संवाद मनात जुळवा आणि उतरून, गर्दी ओसरल्यावर, दोन ओळी टिपा. बोलून टाइप करणं डब्यातल्या कलकलाटात निरुपयोगी. ते घरी ओटा आवरताना बरं चालतं. फाइल ऑफलाइन उघडते का, हे आदल्या रात्रीच तपासा.

गाडी अडते ती बहुधा मागचं वाचून दुरुस्त करत बसल्यामुळे. पात्राचं नाव मध्येच बदललं तरी मागे जाऊ नका. चौकोनी कंसात नोंद करा आणि पुढे चला. रात्री थांबताना वाक्य अर्धवट सोडलं की पहाटे सुरुवात शोधावी लागत नाही.

घरच्यांना ‘मी लिहिणार आहे’ एवढंच सांगून भागत नाही. ‘साडेनऊ ते सव्वादहा’ अशी वेळ सांगा आणि बदल्यात रविवारचा बाजार स्वतःकडे घ्या. आणि हो, कादंबरी ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका. नोकरी सुटली की तो परत द्यावा लागतो.