मोबाइल ॲपमधील डेटाबेस कनेक्शन कसे हाताळावे

ॲपची माहिती फोनमध्येच साठवायची असेल, तर अँड्रॉइड आणि आयफोन या दोन्हींवर बहुधा एसक्यूलाइट हाच डेटाबेस वापरला जातो. त्याला वेगळा सर्व्हर नसतो, सारा डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो. ती फाइल एकाच वेळी अनेकांना वाचता येते, तिच्यात लिहिता मात्र एका वेळी एकालाच येते. पुढील बहुतेक पायऱ्या या मर्यादेतूनच निघतात. उदाहरणे अँड्रॉइडची घेतली आहेत.

सर्वप्रथम संपूर्ण ॲपसाठी डेटाबेसचा एकच ऑब्जेक्ट तयार करावा आणि तो सर्व स्क्रीनना पुरवावा. डेटाबेस हाताळणारी रूम लायब्ररी असो वा त्याच कामाचा जुना एसक्यूलाइट-ओपन-हेल्पर, त्याला ॲक्टिव्हिटीचा (म्हणजे एका स्क्रीनचा) नव्हे, तर ॲप्लिकेशनचा (संपूर्ण ॲपचा) कॉन्टेक्स्ट, म्हणजे सिस्टिमशी जोडणारा संदर्भ, द्यावा. अन्यथा बंद झालेली स्क्रीन मेमरीत अडकून राहते. प्रत्येक स्क्रीनने स्वतंत्र कनेक्शन उघडावे आणि जाताना बंद करावे, ही पद्धत वरवर नेटकी वाटते. परंतु वापरकर्त्याने खर्चाची नोंद 'सेव्ह' करायला आणि पार्श्वभूमीतील सिंकने लिहायला एकच गाठ पडली, की दोघांपैकी एकाच्या वाट्याला 'डेटाबेस इज लॉक्ड' ही त्रुटी येऊ शकते. उलट, सामाईक कनेक्शन एका स्क्रीनने परस्पर बंद केले, तर दुसऱ्या थ्रेडवरील (समांतर चालणाऱ्या कामातील) अर्धवट क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली मागणी, कोसळते. म्हणून सामाईक कनेक्शन उघडेच ठेवावे. प्रोसेस संपल्यावर सिस्टिम ते मोकळे करते आणि कमिट झालेली, म्हणजे पक्की नोंदवलेली, ट्रान्झॅक्शन सुरक्षित राहतात.

कर्सरला, म्हणजे क्वेरीच्या निकालातील ओळी वाचून देणाऱ्या ऑब्जेक्टला, मात्र ही सवलत नाही. क्वेरीचे काम संपताच, मध्ये अपवाद (एक्सेप्शन) उद्भवला तरीही, तो बंद झालाच पाहिजे. कोटलिन या प्रोग्रामिंग भाषेतील 'यूज' ब्लॉक त्यासाठीच आहे.

यानंतर डेटाबेसचे काम स्क्रीन हाताळणाऱ्या मुख्य थ्रेडवरून हलवावे. स्क्रीनवरील स्पर्शाला 5 सेकंदांत प्रतिसाद मिळाला नाही, तर अँड्रॉइड 'ॲप प्रतिसाद देत नाही' असा इशारा दाखवते. रूम तर मुख्य थ्रेडवरील क्वेरी मुळातच नाकारते, आणि ही अडवणूक सेटिंग बदलून टाळण्यात शहाणपण नाही.

शेकडो नोंदी घालायच्या असतील, तर त्या एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र पक्के होणाऱ्या गटात) घालाव्यात, कारण तसे न केल्यास प्रत्येक नोंद हे स्वतंत्र ट्रान्झॅक्शन ठरते आणि दर वेळी डेटा स्टोरेजवर पक्का होईपर्यंत थांबावे लागते. ट्रान्झॅक्शन सुरू असताना नेटवर्कची वाट पाहू नये. तेवढा वेळ इतरांचे लिहिणे अडून राहते.

वाचन आणि लेखन एकाच वेळी चालायला हवे असेल, तर 2010 मध्ये एसक्यूलाइटच्या 3.7.0 आवृत्तीत आलेली 'राइट-अहेड लॉगिंग' पद्धत सुरू करावी. लिहिणारा तेव्हाही एकच असतो, पण वाचणारे त्याच्यामुळे थांबत नाहीत. या पद्धतीत ताजे बदल काही काळ शेजारच्या '-वॉल' फाइलमध्ये असतात, त्यामुळे ॲप चालू असताना केवळ मुख्य फाइलची प्रत काढून बॅकअप घेतला, तर तो अपुरा निघू शकतो. शिवाय फॉरेन की (एका तक्त्यातील नोंदीचा दुसऱ्यातील नोंदीशी असलेला दुवा) तपासणी प्रत्येक कनेक्शनवर वेगळी सुरू करावी लागते. हेल्पर वापरत असल्यास त्यातील 'ऑन-कॉन्फिगर' हे फंक्शन ती सुरू करण्याची योग्य जागा होय.

दूरच्या सर्व्हरवरील डेटाबेसशी ॲपने थेट कनेक्शन करूच नये. पासवर्ड ॲपमध्ये कितीही लपवला तरी तो काढता येतो. मध्ये वेब एपीआय, म्हणजे ॲपच्या विनंत्या घेऊन डेटाबेसशी बोलणारा सर्व्हरवरील दुवा, ठेवावा.

शेवटी डीबग बिल्डमध्ये (ॲपच्या चाचणीसाठीच्या आवृत्तीत) अँड्रॉइडच्या स्ट्रिक्ट-मोड या चुका शोधणाऱ्या साधनाची गळतीतपासणी सुरू करून सर्व स्क्रीन उघड-बंद कराव्यात. बंद न केलेला कर्सर राहिला असेल, तर तो मेमरीतून साफ होताना लॉगमध्ये इशारा उमटतो आणि तो कोडमध्ये कोठे उघडला गेला, हेही कळते.