सरोगसीला ‘हो’ म्हणण्याआधी: पुण्यातल्या बाईसाठी तयारीची यादी

पैशाचं आधी बोलून घेऊ. भारतात दुसऱ्याचं मूल पोटात वाढवण्याचा मोबदला घेता येत नाही. सरोगसी (नियमन) कायदा, २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे आणि त्यात फक्त परोपकारी सरोगसीला परवानगी आहे. सरोगेटच्या उपचारांचा खर्च, तिचा विमा आणि नियमांनी ठरवून दिलेले इतर खर्च, एवढंच मूल हवं असलेल्या जोडप्याने करायचं. रोख तर नाहीच, वस्तूरूपानेही काही घ्यायचं नाही, आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्यांच्या नावानेही नाही. मुलाची शाळेची फी, घराच्या कर्जाचे हप्ते, अंगावर दोन तोळे सोनं, हे सगळं व्यावसायिक सरोगसीत मोडतं. त्याला १० वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. मोबाईलवर दिसणारे मोठमोठे आकडे, बाळाचे ठोके लागले की पहिला हप्ता, सिझेरियन झालं तर जादा रक्कम, हे कॅलिफोर्नियासारख्या ठिकाणचे करार आहेत. तिथे ते चालतात. इथे तसा कागद केला तर तो तुमच्याच विरुद्ध पुरावा ठरतो. ‘कागदावर काही नाही, बाहेरून दहा लाख’ असं सांगणारा मध्यस्थ भेटला तर तिथूनच परत फिरा. त्याने पैसे बुडवले तर तक्रार घेऊन जाणार कुठे?

मग हिशोब करायचा तो आपल्या खिशातून काय जाईल याचा. बुडालेल्या पगाराचं नाव कायद्यातल्या परोपकारी सरोगसीच्या व्याख्येत नाही, आणि घर नेमकं त्याच ठिकाणी अडचणीत येतं. कोथरूडमध्ये स्वयंपाकाची चार कामं धरलेल्या बाईची कामं शेवटच्या दोन-तीन महिन्यांत सुटतात आणि बाळंतपणानंतर तीच घरं परत मिळतील याची खात्री नसते. तयारी, नऊ महिने आणि नंतरची विश्रांती मिळून वर्ष-सव्वा वर्ष धरा, आणि तेवढा काळ तुमच्या कमाईशिवाय घर चालेल का ते नवऱ्याबरोबर बसून वहीत मांडा. चालत नसेल तर नाही म्हणा, समोर सख्खी नणंद असली तरी. केंद्र सरकारी नोकरीत असाल तर जून २०२४ च्या दुरुस्तीनुसार दोनपेक्षा कमी हयात मुलं असलेल्या सरोगेटलाही १८० दिवसांची प्रसूती रजा मिळू शकते. त्याचा अर्ज कार्यालयात आधीच विचारून ठेवा.

पात्रतेच्या अटी थोड्या आहेत, पण त्यांत सूट नाही. लग्न झालेलं असावं (विधवा किंवा घटस्फोटितही चालते), स्वतःचं मूल असावं, आणि प्रयोगशाळेत तयार केलेला भ्रूण गर्भाशयात सोडायच्या दिवशी वय २५ ते ३५ मध्ये असावं. वय अर्जाच्या दिवशी नव्हे, त्या दिवशी मोजतात. चौतीस पूर्ण झाली असतील तर कागदपत्रांना लागणारे महिने धरून बघा. आयुष्यात एकदाच सरोगेट होता येतं, आणि भ्रूण सोडण्याचे प्रयत्न जास्तीत जास्त तीन. स्त्रीबीज तुमचं वापरता येत नाही. कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन झालेलं असेल तरी हरकत नाही, भ्रूण थेट गर्भाशयात सोडतात. तांबी असेल तर ती काढावी लागते, आणि त्यानंतर स्वतःला दिवस जाऊ नयेत याची काळजी घ्यावी लागते. ती कशी घ्यायची हे डॉक्टरांना न लाजता विचारा.

कागद गोळा करताना सगळ्यात जास्त वेळ नावात जातो. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, मुलाच्या जन्मदाखल्यावर तिसरंच स्पेलिंग. विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर तो आधी काढा, तोच दोन्ही नावं जोडतो. आधीच्या प्रत्येक बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड शोधा. सिझेरियन झालं होतं का, रक्तस्राव किती झाला, बीपी वाढलं होतं का, हे डॉक्टर त्यातूनच बघतात. जोडप्याचे कागद वेगळे. सरोगसी का लागते याचं वैद्यकीय कारण जिल्हा वैद्यकीय मंडळाने प्रमाणित करावं लागतं. त्याची चौकशी पुण्यात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात करा, ते औंधच्या जिल्हा रुग्णालयात आहे. पालकत्वाचा आणि ताब्याचा आदेश प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून घ्यायचा असतो, आणि त्या अर्जावर तुमचीही सही लागते. पुढे बाळाच्या जन्माच्या नोंदीसाठी हाच आदेश चालतो. जोडप्याचं आवश्यकता प्रमाणपत्र (सरोगसीची गरज असल्याचं) आणि तुमचं पात्रता प्रमाणपत्र डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही गोळी सुरू करू नका. क्लिनिकच्या भिंतीवर सरोगसीसाठीची नोंदणी लावलेली आहे का तेही बघा. नुसती टेस्ट ट्यूब बेबीची नोंदणी पुरत नाही.

विम्यावर मात्र एक पूर्ण संध्याकाळ द्या. नियमानुसार जोडप्याने तुमच्या नावावर ३६ महिन्यांचा आरोग्य विमा काढायचा असतो. गरोदरपणातल्या आणि बाळंतपणानंतरच्या गुंतागुंतीचा सगळा खर्च भागेल एवढी त्याची रक्कम हवी. गडबड होते ती इथे: जोडपं घाईत बाजारातली साधी पॉलिसी घेतं. साध्या पॉलिसीत ‘काय मिळणार नाही’ या भागात कोड १७ खाली वंध्यत्वाचे उपचार आणि सरोगसी नाव घेऊन वगळलेली असते, तर कोड १८ खाली बाळंतपण. म्हणजे हातात कार्ड आहे, आणि ज्या कामासाठी ते काढलं तेच त्यात नाही. पॉलिसीचं पहिलं पान सोडा, हे दोन कोड शोधा. त्यांना बगल देणारं लेखी कलम सापडलं नाही तर पॉलिसी परत करा. मग प्रतीक्षा कालावधी बघा. बाळंतपणासाठी दोन वर्षं थांबा म्हणणारी पॉलिसी निरुपयोगी आहे. योग्य पॉलिसीही भ्रूण सोडण्याआधी सुरू झालेली हवी. विम्याखेरीज जोडप्याने हमीचं प्रतिज्ञापत्रही करायचं असतं, त्यात तुमचं आजारपण, हानी आणि मृत्यूसुद्धा येतो. त्याची प्रत स्वतःकडे ठेवा. रात्री दोनला दवाखान्याने अनामत मागितली तर ती कोण भरणार, त्या माणसाचं नाव आणि नंबर आधीच ठरलेला असावा.

खर्चाचा व्यवहार जमेल तितका जोडपं आणि दवाखाना किंवा मेडिकल दुकान यांच्यात थेट होऊ द्या. तुम्ही काही भरलंच तर बिल तुमच्या नावाने घ्या, आणि परतफेड बिलाच्या रुपया-पैशासकट बँकेतून. बिलाशिवाय आलेली पंचवीस हजारांची एकगठ्ठा रक्कम पुढे मोबदला म्हणून वाचली जाऊ शकते. रिक्षा, खुराक अशा खर्चांपैकी काय बसतं ते वकिलाकडून आधी लिहून घ्या, आणि तो वकील जोडप्याचा नसावा.

संमतीपत्र नमुना २ मध्ये असतं आणि तुम्हाला कळणाऱ्या भाषेत समजावून द्यावं लागतं. मराठीत मागा, घरी आणा, वाचा. भ्रूण गर्भाशयात सोडण्याआधी कधीही संमती मागे घेता येते, त्यासाठी कारण द्यावं लागत नाही. नंतरही तुमच्या लेखी संमतीशिवाय गर्भपात करता येत नाही आणि कुणी तो करायला भागही पाडू शकत नाही. एका वेळी एकच भ्रूण सोडायचा हा नियम आहे, खास परिस्थितीत तीनपर्यंत. ‘जुळं झालं तर बरंच’ असं कुणी हसत म्हणालं तरी एकावरच ठाम राहा, कारण जुळ्यात बीपी, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण आणि सिझेरियन हे तिन्ही वाढतं आणि ते तुमच्या शरीरावर येतं.

तपासण्यांत हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, रक्तगट, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गर्भाशयाची सोनोग्राफी आणि मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. तुमचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा. मग गर्भाशयाचं अस्तर जाड करायला इस्ट्रोजेनच्या गोळ्या. अस्तर साधारण ७-८ मिलिमीटर झालं की प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारं हार्मोन) सुरू, आणि बहुधा पाच दिवसांचा भ्रूण सोडतात. प्रोजेस्टेरॉनची तेलातली इंजेक्शनं कमरेखाली बसतात, तिथे गाठी येतात. रोज बाजू बदलायची आणि गरम कापडाने शेकायचं. गोळी किंवा इंजेक्शन चुकवणं महागात पडतं, कारण पहिले आठवडे तुमचं शरीर स्वतः पुरेसं प्रोजेस्टेरॉन तयार करत नाही. दहाव्या-बाराव्या आठवड्यापर्यंत ते बाहेरूनच लागतं. भ्रूण सोडल्यावर साधारण दोन आठवड्यांनी दिवस गेले का याची रक्ताची तपासणी, सहाव्या-सातव्या आठवड्यात ठोके. अशा गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो. डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

दवाखान्यात नाव तुमचंच लागलं पाहिजे. बाळ घरी नेणाऱ्या आईच्या नावाने दाखल करून घेण्याची युक्ती कुणी सुचवली तर साफ नकार द्या. चुकीच्या नावाच्या केसपेपरवर चुकीचा रक्तगट येतो, आणि विमाही हातचा जातो.

बाळ दिल्यावर दूध तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतंच. ते थांबवण्याची गोळी बाळंतपणाच्या खोलीतच मागून घ्या, नाहीतर छाती भरून ताप येतो. सहाव्या आठवड्याची तपासणी, बीपी आणि टाके दाखवणं, आणि रडू थांबत नसेल तर मानसोपचाराची फी, हे सगळं पुढेही जोडप्याच्याच खर्चात धरायचं, आणि करारात तसं लिहिलेलं असावं. पॉलिसी एकेका वर्षाची काढली असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा हप्ता विसरला जातो. बाळ घरी गेल्यावर फोन कमी होत जातात. तीन वर्षांचा हप्ता एकदम भरल्याची पावती भ्रूण सोडण्याच्या आधी हातात घ्या.