शाळा बघायची कशी? गावातली की गाडीवाली

मे संपत आला की आमच्या वाडीत दोनच विषय, आंबा किती राहिला आणि पोराचं नाव कुठे घालायचं. गावात जिल्हा परिषदेची शाळा, पट अकरा. हायवेला इंग्लिश मिडियम, टाय, बूट, पिवळी गाडी पार दारात येते. बरेचजण गाडी बघूनच ठरवतात, थोरल्याच्या वेळी मी पण तेच केलेलं म्हणून सांगतोय, आधी जरा पारखा.

रिझल्टच्या बॅनरवर जाऊ नका. दहावीला आपला कोकण बोर्ड राज्यात पहिला, २०२४ ला ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२, अभिमान आहेच, पण जिथे जवळपास सगळेच पास होतात तिथे निस्त्या पास होण्यावरून या शाळेत नि त्या शाळेत फरक काय कळणार सांगा बघू?

त्यापेक्षा त्या शाळेत जाणारी शेजारपाजारची दोन-चार पोरं पडवीत बसवा, तिसरीच्या पुढची. दुसरीच्या पुस्तकातला एक उतारा वाचायला द्या, पाठ नसलेला. मग हातच्याची वजाबाकी, ५२ वजा २७. पाचवीतला असेल तर तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायला सांगा. 'प्रथम' संस्थेचा 'असर' सर्वे खेडोपाडी घरी जाऊन साधारण हेच विचारतो, आणि दरवेळी दिसतं की पाचवीतल्या कितीतरी पोरांना दुसरीचं वाचता येत नाही. वाचून झालं की गोष्टीत काय झालं ते आपल्या बोलीत सांग म्हणायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. आमचा थोरला तिसरीत इंग्लिश धडा फाडफाड वाचायचा, अर्थ विचारला तर म्हणे, "मिसनी अजून सांगितला नाय." वर्षाची फी भरून ही गत. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात पण शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा असंच लिहिलंय, पण नाक्यावर कोण ऐकतोय.

यात पोराची चूक नसते. पुस्तक पुढे पळत असतं नि पोर मागे कुठेतरी अडकलेलं असतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या पोरांना मोफत शिक्षण दिलं, आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असंही ठरवलं, त्याने पोरं शाळेत टिकली हे खरंच मोठं काम झालं. पण कुठे अडकलंय ते बघायचं राहून गेलं. २०१९ ला कायदा बदलून राज्यांना पाचवी-आठवीला नापास करायची मुभा मिळाली, पण चौथीपर्यंत न वाचणाऱ्याला पाचवीत नापास करून काय होणार, मला तरी कळत नाही.

आता शाळेत जा. गॅदरिंगच्या दिवशी नको, पावसात जा, जुलैत, साकवावरून पाणी जात असतं तेव्हा मास्तर आणि पोरं पोचतात का ते पण दिसेल. छोट्या शाळेत दोनच शिक्षक नि पाच इयत्ता असतात (कायद्यानेच साठ पोरांपर्यंत दोन शिक्षक), म्हणून एकच बघायचं, गुरुजी चौथीला शिकवत असतात तेव्हा दुसरीची पोरं काय करतात? काहीतरी काम हातात असेल, मोठी पोरं लहानांना वाचून दाखवत असतील तर बिनधास्त नाव घाला, अकरा पोरांत प्रत्येकाचं घर गुरुजींना माहीत असतं, हे गाडीवाल्या शाळेत मिळत नाही. नुसता गोंधळ असेल तर विचार करा. आणि गुरुजी कधीपासून आहेत ते पण विचारा, आपल्याकडे घाटावरचे शिक्षक बरेच, त्यांना पण आपलं गाव आहे, बदली झाली की जातात आणि जागा तशीच रिकामी राहते.

नाव घातल्यावर शाळा व्यवस्थापन समितीत शिरा. कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक लागतात, निम्म्या बायका. आमच्याकडे आधी सह्या घरोघर फिरायच्या, मीटिंग कागदावरच. आता बसतो. शाळेचा विकास आराखडा या समितीने करायचा असतो, त्यात छपराची गळती लिहा, रिकामी जागा लिहा, ठरावाची एक प्रत आपल्याकडे ठेवा, नंतर पंचायत समितीत जाताना तीच कामाला येते.

आणखी एक, जे गाडीच्या नादात लोक विसरतात. आठवीला एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. पण ती सरकारी, जिल्हा परिषदेच्या नि अनुदानित शाळेतल्या पोरांनाच, विनाअनुदानितला बसताच येत नाही. नवोदय या सरकारी निवासी शाळेची सहावीच्या प्रवेशाची परीक्षा वेगळी, तिथे निदान ७५ टक्के जागा ग्रामीण पोरांना, राहणं-जेवण फुकट. सिंधुदुर्गातलं नवोदय सावंतवाडीजवळ सांगेलीला आहे. उत्पन्नाचा दाखला मात्र आधीच काढून ठेवा, गणपतीत सगळे चाकरमानी दाखल्यांसाठी सेतू केंद्रात रांग लावतात तेव्हा नको.